रोजनिशी : इतिहासाचे साधन आणि गुणात्मक संशोधनाची पद्धत
(भिवंडी शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भिवंडी शहराविषयी लिहिलेले कागद कमी नाहीत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरपासून जनगणनेच्या अहवालांपर्यंत आणि दंगलींच्या चौकशीपासून वस्त्रोद्योगविषयक पाहण्यांपर्यंत अनेक दप्तरांत या शहराची नोंद सापडते. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीत ७,०९,६६५ लोक राहत होते. परंतु या सात लाखांपैकी एखाद्या माणसाचा साधा, काहीही विशेष न घडलेला दिवस कसा गेला, हे त्याच्याच शब्दांत सांगणारा कागद शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. शहराचे वाईट दिवस सविस्तर लिहिले गेले. साधे दिवस मात्र लिहायचे राहून गेले.

सामाजिक शास्त्रांमध्ये ‘सहभागींची रोजनिशी’ ही गुणात्मक संशोधनाची एक पद्धत म्हणून मान्यता पावली आहे. ज्यांच्या जीवनाचा अभ्यास करावयाचा त्यांनाच ठराविक काळ दैनंदिन नोंदी ठेवण्यास सांगणे आणि त्या नोंदींच्या आधारे पुढे त्यांच्याशी सविस्तर संवाद साधणे, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. ही पद्धत पाश्चात्त्य ग्रंथांतून आपल्या अभ्यासक्रमात आली असली, तरी दैनंदिन नोंदीची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. प्रस्तुत निबंधात या परंपरेचा मागोवा घेऊन, नोंद करणारी लेखणी कोणाच्या हाती होती, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे. त्याच प्रश्नाच्या प्रकाशात भिवंडीसारख्या श्रमिकांच्या शहरात ही पद्धत काय साधू शकते व तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार केला आहे.

१. रोजकीर्दीची परंपरा

मराठी राज्यकारभारात ‘रोजकीर्द’ हा शब्द सर्वपरिचित होता. दररोजचा जमाखर्च, दिलेली इनामे, पाठविलेले हुकूम, झालेले निवाडे यांची तारीखवार नोंद दप्तरात होत असे. पेशवे दप्तरातील या नोंदींमधून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे पुढे ‘सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशी’ म्हणून अनेक भागांत प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे या रोजनिशींचा परिचय करून देणारा निबंध वाचला. बखरींमध्ये व ग्रँट डफच्या इतिहासात मुख्यतः लढाया आणि राजकीय घडामोडी येतात. लोक कसे राहत, कर कसे भरत, तंटे कसे सोडवत, हे जाणण्यासाठी या रोजच्या नोंदी अधिक उपयोगी आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

रानड्यांची ही दृष्टी आजही महत्त्वाची वाटते. रोजच्या नोंदीत लोकांचे जीवन सापडते, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. मात्र या रोजनिशींना एक मर्यादा आहे. त्या लिहिणारा कारकून सरकारचा होता. रयतेचे जीवन त्यांत दिसते ते सरकारशी संबंध आला तेवढेच, म्हणजे कर थकला, गुन्हा घडला, सूट मागितली किंवा इनाम मिळाले तरच. ज्या कुटुंबाचा वर्षभरात दप्तराशी संबंध आला नाही, ते कुटुंब रोजकीर्दीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. दैनंदिन नोंद आणि दैनंदिन जीवनाची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या परंपरेपासून घ्यावयाचा पहिला धडा होय.

२. स्मृती, रोजनिशी आणि वाचणारा

व्यक्तिगत लेखनाकडे वळले असता मराठीत आत्मचरित्रांची समृद्ध परंपरा दिसते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. परंतु संशोधनाचे साधन म्हणून आत्मचरित्र व रोजनिशी यांत मूलभूत फरक आहे. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला पुढे काय झाले हे ठाऊक असते. त्या ज्ञानाच्या आधारे तो मागील प्रसंगांची निवड करतो, त्यांना अर्थ देतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते. त्यामुळे तिच्यात नंतर निरर्थक ठरलेल्या चिंता, फुकट गेलेल्या खेपा, बदललेली मते टिकून राहतात. इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके हेच हवे असते.

तथापि रोजनिशी ही केवळ स्वतःशी केलेली बोलणी असते, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. याचे एक उदाहरण पुण्यातच घडले. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध असताना १९४३ मध्ये मनुबेन गांधी यांनी गुजरातीत रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला. गांधीजी ती वाचत, दुरुस्त्या सुचवीत व तिच्यावर सही करीत. ही रोजनिशी अत्यंत मोलाची आहेच. पण ती वाचताना, लिहिणाऱ्या मुलीला आपले लेखन उद्या कोण वाचणार हे ठाऊक होते, ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही. संशोधकाच्या सांगण्यावरून लिहिलेल्या प्रत्येक रोजनिशीची स्थिती अशीच असते. तिला पहिल्या पानापासून एक वाचक असतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे आहे. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. पण ते लेखन त्यांनी घरच्यांच्या नकळत केले होते व अनेक वर्षे दडवून ठेवले होते. ते रोजनिशीच्या स्वरूपाचे नाही, तरीही पद्धतीच्या दृष्टीने त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. लिहिता येणे आणि लिहिण्याची मोकळीक असणे यांत अंतर आहे. स्त्रीच्या हाती वही देऊन ‘रोज लिहा’ असे सांगणारा संशोधक, ती वही घरात ठेवायची कोठे, हा प्रश्न बहुधा विचारत नाही.

३. पद्धतीचा उगम

सामान्य माणसाच्या लेखनाला समाजशास्त्राचे साधन म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. थॉमस व झनानिएत्स्की यांनी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केलेल्या पोलिश शेतकऱ्यांवरील ग्रंथात स्थलांतरितांची पत्रे आणि एका स्थलांतरिताने त्यांच्यासाठी लिहिलेले दीर्घ आत्मवृत्त यांचा आधार घेतला होता. स्थलांतराचा अर्थ स्थलांतरिताकडूनच समजून घ्यावा, ही त्यामागील भूमिका होती.

इंग्लंडमध्ये १९३७ साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज व हम्फ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ हा उपक्रम सुरू केला. राजा सहावा जॉर्ज याच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, १२ मे १९३७ रोजी, देशभरातील स्वयंसेवकांनी आपापला दिवस लिहून काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे पाचशे लोक या संस्थेसाठी नियमित रोजनिशी लिहीत होते. बॅरो-इन-फर्नेस येथील नेला लास्ट या गृहिणीने १९३९ पासून १९६६ पर्यंत लेखन केले. शिधा, शिवणकाम, शेजारणी, नवऱ्याशी होणारे मतभेद अशा मजकुरातून युद्धकालीन घराचे जे चित्र उभे राहते, ते युद्ध खात्याच्या कोणत्याही अहवालात मिळणार नाही. हा संग्रह आज ससेक्स विद्यापीठाकडे आहे.

पद्धती म्हणून तिची काटेकोर मांडणी झिमरमन व वायडर यांनी १९७७ मध्ये केली. जेथे संशोधक स्वतः उपस्थित राहू शकत नाही, तेथे सहभागीनेच त्याच्या वतीने निरीक्षण करावे, असा त्यांचा विचार होता. कोणी, काय, केव्हा, कोठे व कसे या प्रश्नांना धरून सात दिवस नोंदी ठेवावयाच्या आणि त्यानंतर त्या नोंदींवरून दीर्घ मुलाखत घ्यावयाची, अशी त्यांची योजना होती. येथे मुलाखत ही पुरवणी नसून पद्धतीचा निम्मा भाग आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. वहीतील ‘आज उशीर झाला’ या एका ओळीमागे काय होते, हे मुलाखतीतच उलगडते.

४. महाराष्ट्रातील दैनंदिन नोंदी : लेखणी अन्वेषकाची

आपल्याकडे श्रमिकांच्या व शेतकऱ्यांच्या जीवनाच्या पाहण्या तेवढ्याच जुन्या आहेत. हॅरोल्ड मान यांचा पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी केली व तिचा अहवाल १९२३ मध्ये आला. या चौकशीत अन्वेषक प्रश्न विचारीत आणि तक्ता भरीत. कामगार सांगत होता, पण लिहीत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल पडले. १९५४-५५ पासून केंद्र सरकारच्या वतीने शेती व्यवस्थापनाचे अभ्यास सुरू झाले. तत्कालीन मुंबई राज्यात त्यांसाठी अहमदनगर व नाशिक हे जिल्हे निवडण्यात आले होते. या अभ्यासांत दोन पद्धती शेजारी शेजारी वापरल्या गेल्या. पहिली नेहमीची पाहणी पद्धत. दुसरीत क्षेत्रीय कर्मचारी गावातच मुक्काम करून शेतकऱ्याच्या कामाच्या व खर्चाच्या नोंदी दररोज करीत असे. एकदाच विचारून मिळणारी माहिती आणि रोज टिपलेली माहिती यांत फरक पडतो, याची ही जाणीव होती.

पुढे १९७५ पासून ‘इक्रिसॅट’ या संस्थेने सहा गावांचे दीर्घकालीन अभ्यास हाती घेतले. त्यांतील चार गावे महाराष्ट्रातील होती : अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेडा आणि सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण. प्रत्येक गावातील चाळीस कुटुंबांशी गावात राहणारे अन्वेषक काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बोलत. दुष्काळ आला तेव्हा कुटुंबाने आधी काय विकले, कोणाकडून उसने घेतले, याचे क्रमवार ज्ञान अशा सातत्यातूनच मिळू शकले. येथे लेखणी गावात आली, मुक्कामाला राहिली. पण ती शेतकऱ्याच्या वा मजुराच्या हाती गेली नाही.

वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणाचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. अनेक देशांत अशा सर्वेक्षणासाठी लोक स्वतः वेळेची रोजनिशी भरतात. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत असे सर्वेक्षण झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. देशव्यापी सर्वेक्षण प्रथम २०१९ मध्ये व दुसऱ्यांदा २०२४ मध्ये झाले. निरक्षरतेची अडचण लक्षात घेऊन येथे रोजनिशीऐवजी मुलाखतीचा मार्ग पत्करला गेला. २०१९ च्या सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा चोवीस तासांचा दिवस धरून त्याचे अर्ध्या तासाचे भाग पाडण्यात आले होते.

राष्ट्रीय अंदाजासाठी ही रचना योग्यच आहे. परंतु भिवंडीतील यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्या कामगाराला ती लावून पाहिल्यास तिची मर्यादा ध्यानात येते. त्याची बारा तासांची पाळी पहाटे चारच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. सर्वेक्षणाचा ‘दिवस’ जेथे संपतो, तेथे त्याचे काम चालू असते. त्याचा दिवस सुरू होतो तो पाळी सुटल्यावर, अंघोळ करून बिशीत जेवायला बसल्यावर की झोपून उठल्यावर, हे त्यालाच विचारावे लागेल. दिवस कशाला म्हणावयाचे हा प्रश्नही सहभागीवर सोपविता येणे, हे रोजनिशी पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

५. भिवंडीच्या नोंदी : कोणत्या आणि कोणाच्या

कामवारी नदीकाठी वसलेल्या या गावाची नगरपालिका १८६४ ची. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी अशा जुन्या वस्तीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची भर पडली. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले; उत्तर प्रदेश व बिहारमधून कामगार येत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापड विणण्याचे काम यंत्रमागांकडे अधिकच वळले. डिसेंबर २००१ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. अलीकडच्या काळात मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गावांतून गोदामांची रांग उभी राहिली आहे.

हा इतिहास ज्या कागदांतून लिहिला जातो त्यांत चौकशी आयोगाचा अहवाल ठळक आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. त्याने आपला अहवाल १९७५ मध्ये पूर्ण केला. साक्षी, प्रतिज्ञापत्रे व सरकारी कागदपत्रे यांची बारकाईने छाननी करून तयार केलेला हा अहवाल भारतातील अशा अहवालांमध्ये विशेष महत्त्वाचा मानला जातो. दंगलीनंतर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या विशेष पथकाच्या पक्षपाती कामावर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. पोलीस तपासातही ‘केस डायरी’ असते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १७२ नुसार ती ठेवणे बंधनकारक होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ मध्ये तीच तरतूद आहे. ती रोजच्या रोज लिहावयाची असते, पण आरोपीला सर्वसाधारणपणे ती पाहता येत नाही. रोज लिहिले म्हणून ते निःपक्षपाती ठरत नाही, ही गोष्ट १९७० च्या तपासाने दाखवून दिली.

मे १९८४ मध्ये शहराने पुन्हा भीषण दंगल पाहिली. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, याचे श्रेय या समित्यांना दिले जाते. खोपडे यांनी स्वतः या अनुभवावर पुस्तक लिहिले.

आता या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९७० ची दंगल तासातासाने लिहिली गेली. कारण तेथे आयोग होता, साक्षी होत्या, वकील होते. १९९२-९३ ची शांतता मात्र मुख्यतः अधिकाऱ्याच्या कथनातून व नंतरच्या आठवणींतून कळते. त्या आठवड्यांत एखाद्या मोहल्ल्यात दूध कोणी आणले, दुकान केव्हा उघडले, कोण कोणाच्या घरी जाऊन बसले, अफवा आली तेव्हा ती कोणी थांबविली, याची त्या त्या दिवशी केलेली नोंद शोधणे कठीण आहे. शांतता टिकविण्याचे काम रोजचे असते आणि ते साध्या माणसांचे असते. ते यशस्वी झाले तर काही घडत नाही. काही घडले नाही म्हणून चौकशी होत नाही आणि चौकशी झाली नाही म्हणून कागद तयार होत नाही. परिणामी भविष्यातील इतिहासकारापुढे भिवंडी येते ती केवळ तिच्या दंगलींच्या रूपाने.

हीच गोष्ट टाळेबंदीच्या काळाची. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी रवाना झाली. गाडीची नोंद आहे. पायी निघालेल्यांची छायाचित्रे आहेत. परंतु माग बंद, मजुरी बंद व बिशी बंद अशा अवस्थेत अनेकांनी मिळून घेतलेल्या खोलीत गेलेले मधले जवळपास चाळीस दिवस आता फक्त स्मृतीत आहेत. वर्षे जातील तशा त्या स्मृती एका साच्याच्या होत जातील.

६. पद्धतीचे उपयोजन : शक्यता आणि अडचणी

भिवंडीत रोजनिशी पद्धती वापरावयाची झाल्यास पाठ्यपुस्तकातील नमुना जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. त्यासाठी पुढील बाबींचा विचार करावा लागेल.

अ) भाषा व लिपी : येथील कामगाराची बोलण्याची भाषा भोजपुरी, अवधी वा तेलुगू असू शकते, लिहिण्याची हिंदी वा उर्दू, आणि संशोधकाची मराठी. सहभागीने ज्या भाषेत विचार केला त्या भाषेत नोंद व्हावी व भाषांतर नंतर करावे. ज्याला लिहिणे जड जाते त्याने भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रित नोंद करावी. लेखनाइतकीच तीही रोजनिशी होय. निरक्षरता हे लेखणी अन्वेषकाच्या हाती ठेवण्याचे कारण आता पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही.

आ) काळ : यंत्रमागावर मजुरी सामान्यतः विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. वीज गेली, सूत आले नाही, माग बिघडला की कमाई थांबते, वेळ मात्र कारखान्यातच जातो. जानेवारी २००७ मध्ये शहराच्या वीज वितरणाचे काम खाजगी कंपनीकडे सोपविले गेले, तेव्हापासूनच्या बदलाचे मोजमाप गळती व वसुलीच्या टक्क्यांत झाले. थांबलेल्या मागाजवळ बसून काढलेल्या तासाचे मोजमाप रोजनिशीतच होऊ शकते. म्हणून नोंदीचा कालावधी किमान दोन आठवड्यांचा असावा, म्हणजे पाळी बदलताना व मजुरीचा हिशेब होताना येणारे दिवस त्यात सामावतील.

इ) स्त्रियांचे काम : धागे कापणे, चिंध्या निवडणे, बिशी चालविणे ही कामे घरकामात मिसळून गेलेली असतात. ‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला अनेकदा ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर मिळते. चाळीस माणसांचा स्वयंपाक करणारी स्त्रीही असे उत्तर देऊ शकते. तिने सकाळपासून काय काय केले हे क्रमाने सांगितले, की कामाची व्याख्या आपोआप विस्तारते.

ई) खाजगीपणा : पाळीपाळीने वापरल्या जाणाऱ्या खोलीत वही दडविण्यास जागा नसते. तेव्हा वही सहभागीने सांभाळावी की दर दोन दिवसांनी संशोधकाने घेऊन जावी, नावाऐवजी खूण वापरावी काय, हे आधी सहभागीला विचारून ठरवावे.

उ) मुलाखतीची जोड : रोजनिशीतील मौन हा सुद्धा पुरावा असतो. एखाद्या दिवसाचे पान कोरे का, याचे उत्तर थकवा, भांडण, आजारपण, भीती यांपैकी काहीही असू शकते. त्यामुळे मुलाखतीत लिहिलेल्या ओळींइतकीच कोऱ्या पानांचीही विचारपूस व्हावी.

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. रोज लिहिण्यास तयार होणारे लोक प्रातिनिधिक नसतात. लिहिण्याच्या कृतीनेच माणूस आपल्या दिवसाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. काही जण संशोधकाला आवडेल ते लिहितात. हे तिन्ही आक्षेप रास्त आहेत. पण पहिला संख्यात्मक निष्कर्षांना लागू पडतो व गुणात्मक अभ्यास तसा दावा करीत नाही. उरलेल्या दोहोंचे उत्तर मनुबेनच्या रोजनिशीवरून देता येईल. वाचणारा कोण होता हे स्पष्टपणे नोंदवून ठेवले, तर त्याचा प्रभाव हा साधनाचा दोष न राहता अभ्यासाचाच एक विषय होतो.

७. नैतिक जबाबदारी

भिवंडीसारख्या शहरात रोजनिशी ही निरुपद्रवी वस्तू नाही. तिच्यात शेठकडून घेतलेल्या उचलीचा आकडा येईल, मुकादमाशी झालेला वाद येईल, शेजाऱ्याविषयीचे मत येईल, तणावाच्या दिवशी कोण कोठे होता हेही येईल. ‘आपली माहिती गोपनीय राहील’ असे आश्वासन संशोधक सहजपणे देतो. परंतु वकील व अशील यांच्यातील संवादाला कायद्याने जसे संरक्षण आहे, तसे संशोधक व सहभागी यांच्यातील संवादाला भारतात नाही. न्यायालय वा तपास अधिकारी कागदपत्रे हजर करण्यास सांगू शकतो. म्हणून न पाळता येणारे आश्वासन देण्यापेक्षा, काय लिहू नये हे सहभागीला आधीच सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. नावे व पत्ते मूळ नोंदीतच येऊ न देणे ही पहिली दक्षता होय.

दुसरा प्रश्न श्रमाच्या मोबदल्याचा. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाकडे आपण आणखी अर्धा तास मागत असतो. झिमरमन व वायडर यांनी सहभागींना मानधन दिले होते. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सहभागीला मोबदला देण्याची कल्पनाही अनेकदा मांडली जात नाही. तिसरा प्रश्न मालकीचा. रोजनिशी सहभागीने लिहिलेली असते; तिची एक प्रत त्याला परत मिळावी, एखादे पान मागे घेण्याचा त्याचा हक्क मान्य व्हावा आणि अभ्यासाचा निष्कर्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगितला जावा.

या संदर्भात स्थानिक महाविद्यालयांचे स्थान विशेष आहे. आपल्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी याच मोहल्ल्यांतून, यंत्रमाग वा गोदामात काम करणाऱ्या घरांतून येतात. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला जी भाषा, जी ओळख, जो विश्वास मिळवावा लागतो, तो त्यांच्याजवळ आधीच असतो. मात्र तेच त्यांचे बंधनही आहे. बाहेरचा संशोधक निघून जातो, त्यांना त्याच गल्लीत राहावयाचे असते. त्यांना प्रश्नावली वाटण्यापलीकडे, स्वतःच्या घरातील एका आठवड्याची रोजनिशी लिहावयास लावणे, हा संशोधन पद्धती शिकविण्याचा चांगला आरंभ ठरेल. स्वतः लिहिताना काय गाळावेसे वाटते, हे अनुभवल्याशिवाय दुसऱ्याचे मौन वाचता येत नाही.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात दैनंदिन नोंदीची परंपरा दीर्घ आहे. परंतु रोजकीर्दीत लेखणी कारकुनाच्या, केस डायरीत तपास अधिकाऱ्याच्या आणि सामाजिक पाहण्यांत अन्वेषकाच्या हाती राहिली.

२. रोजनिशीचे मोल ती ‘अधिक खरी’ असते यात नसून, पुढचे ठाऊक नसताना त्या त्या दिवशीच्या क्रमाने ती लिहिली जाते यात आहे. ती कोणासाठी लिहिली हे ठाऊक असल्याखेरीज तिचा अर्थ लावता येत नाही.

३. भिवंडीच्या इतिहासात संकटाच्या दिवसांची कागदपत्रे भरपूर व साध्या दिवसांची विरळ आहेत. या असमतोलामुळे शहराची प्रतिमा एकांगी होते आणि शांतता व उपजीविका टिकविणाऱ्यांचे रोजचे काम अदृश्य राहते. सहभागींची रोजनिशी ही ती उणीव भरून काढण्याची एक सुसाध्य पद्धत आहे.

४. भाषा, पाळी, खोली व भीती यांचा विचार करून तिचे स्वरूप स्थानिक परिस्थितीनुसार बदलले पाहिजे. सहभागीची सुरक्षितता व मालकी जपता येत नसेल तर ही पद्धत वापरू नये.

रानड्यांना रोजनिशींमध्ये लोकांचा इतिहास दिसला, तो सरकारच्या दप्तरात लोक डोकावले तेवढा. तो पुढे न्यावयाचा असेल तर लोकांचे दिवस लोकांच्याच हातून लिहिले गेले पाहिजेत. भिवंडीतील मागाचा आवाज गॅझेटिअरकारांच्या, आयोगांच्या आणि सर्वेक्षकांच्या लेखनातून आपण ऐकला आहे. रातपाळी संपवून बाहेर पडणारा कामगार त्या दिवसाला काय म्हणतो, हे विचारून नोंदविण्याचे काम या शहरातील अध्यापकांपुढे अद्याप उभे आहे.